कोवळे बिब्बे

फेब्रुवारी संपत आला की गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून मामीचा फोन येतो. ख्यालीखुशालीत वेळ न घालवता ती सरळ विचारते, "बिब्बे जाल्यात गे, केन्ना येता?" देशावरच्या माणसाने हे ऐकले तर तो बिचकेल. त्याच्या लेखी बिब्बा म्हणजे धोबी कपड्यावर खूण करायला वापरायचा ती काळी बी, अंगाला लागली की उतणारी. चांगल्या चाललेल्या कामात कोणी मोडता घातला की 'मध्येच बिब्बा घातला' म्हणतात, तोही हाच. आमच्या गोव्यात मात्र बिब्बे म्हणजे काजूच्या ओल्या, कोवळ्या बिया. भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातले त्यांचे तोणाक हा आमच्या घरी मार्च महिन्यातला पहिला सण. शिगमा त्यानंतर.

नावांची ही सरमिसळ अगदीच अस्थानी नाही. काजू, बिब्बा आणि आंबा हे तिघेही एका कुळातले, आणि तिघांच्याही अंगात जळजळीत चीक. काजू पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. इथल्या कुणीतरी ती नवी बी फोडून पाहिली असेल, बोटे पोळली असतील आणि तो म्हणाला असेल, अरे हा तर आपला बिब्बाच! हा माझा तर्क आहे, पुरावा मागू नये.

मामी बिब्बे काढायला बसते तेव्हा पुढ्यात आदोळी म्हणजे विळी, डाव्या हाताला राखेचे भांडे आणि उजव्या हाताला खोबरेलाची वाटी. ओली बी आदोळीच्या पात्यावर उभी धरायची, दाब द्यायचा, दोन फाके. फाकेतला गर सुरीच्या टोकाने अलगद उचलायचा, तो तुटता कामा नये. कवचाच्या दोन भिंतींमध्ये मधाच्या पोळ्यासारखी बारीक घरे असतात आणि त्यांत तेल भरलेले असते. पाते फिरले की ते तेल बोटांवर येते, आधी पांढुरके, मग बघता बघता तपकिरी. मामी दर दहा-बारा बियांनंतर बोटे राखेत घोळवते, पुन्हा तेल लावते. शंभर बिया काढायला तिला जितका वेळ लागतो तितक्यात माझ्या वीस होतात, आणि त्यातल्या सहांचे तुकडे.

कॉलेजात असताना पहिल्यांदा तिच्याबरोबर बसले. हाताला खोबरेल चोळ, असे तिने दोनदा सांगितले. बोटे निसरडी होतात म्हणून मी चोळले नाही. झाले काय, तर टोकांना डाग पडले आणि आठवड्याने तिथली साल निघाली. एवढेच. मामी उगाच बाऊ करते, असे ठरवून मी पणजीला परतले. पुढच्या वर्षी त्याच ऐटीत बसले. त्या दिवशी काही नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर बोटांच्या बेचक्यांत पाणी भरलेले फोड, मनगटावर लाल पट्टा, आणि डोळे चोळले असणार रात्री, कारण एक पापणी सुजून पुरीसारखी झालेली. खाज अशी की हात दाराच्या चौकटीवर घासावा. फोनवर मामी एवढेच म्हणाली, "तेल लाय म्हूण सांगिल्लें न्ही तुका?"

काजूने मला भाजले, असे मी पुढे बरीच वर्षे सांगत फिरले. ते अर्धेच खरे होते. पहिल्या वर्षीची गेलेली साल ही तेलाची करणी, कारण ते तेल जात्याच दाहक. दुसऱ्या वर्षीचे फोड मात्र माझे स्वतःचे होते. त्या तेलातले रेणू इतके लहान आणि स्निग्ध असतात की कातडीतून सहज आत झिरपतात आणि तिथल्या प्रथिनांना चिकटून बसतात. प्रथिन आपलेच, पण आता त्याच्या अंगावर परका कोट. कातडीत पहारा देणाऱ्या पेशी हा विचित्र ऐवज उचलून जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात, तिथे टी-पेशींना त्याची ओळख पटवून दिली जाते आणि त्या ओळखीच्या सैनिकांची पलटण वाढवली जाते. या शिक्षणाला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर तेल धुऊन गेलेले असते, मुलगी पणजीला परतलेली असते. पुढच्या मार्चमध्ये तोच कोट पुन्हा दिसला की पलटण गोळा होते, आणि गोळा व्हायला तिला एक ते तीन दिवस लागतात. म्हणून तिसरा दिवस. जपानी लाखकामाच्या झाडाचा चीक, अमेरिकेतली पॉयझन आयव्ही, आपला बिब्बा, आंब्याची साल, सगळ्यांचे रेणू एकमेकांचे भाऊबंद. एकाशी वैर झाले की दुसऱ्यालाही दार बंद होऊ शकते. मला त्या वर्षापासून मानकुराद आंबा सालीसकट चोखता येत नाही. गोव्यात याला शिक्षाच म्हणतात.

यातली मला खटकलेली गोष्ट अशी. ते तेल माझा जीव घेणार नव्हते. चार दिवस हात काळे राहिले असते आणि विषय मिटला असता. माझ्याच कातडीच्या पेशींना शत्रूच्या हस्तक समजून माझेच सैन्य मारत सुटले. मी नुसती ओटीवर बसून खाजवत होते.

झाडाचा हिशेब मात्र साफ असतो. कवचातले तेल हा त्याचा कायमचा बंदोबस्त, बी जमिनीत रुजेपर्यंत उंदराने-किड्याने तोंड लावू नये म्हणून. बाकीच्या ठिकाणी ते इतका खर्च करत नाही. मामाच्या भाटात, म्हणजे बागायतीत, काजूच्या कोवळ्या पालवीवर, मोहरावर नीट पाहिले तर बारीक ठिपक्यांसारख्या मधुग्रंथी दिसतात. फुलातल्या मधाशी त्यांचा संबंध नाही. त्यातून गोड रस पाझरतो आणि तो प्यायला हुमले येतात. पाने शिवून घरटे करणारे हे तांबडे मुंगळे एकदा झाडावर वस्तीला आले की पालवीचा रस शोषणाऱ्या ढेकण्याची खैर नसते. पगार साखरेचा, पहारा चोवीस तासांचा. माणसालाही ते सोडत नाहीत. लहानपणी मी काठीने त्यांचे घरटे डिवचले होते. आधी पानांवर पाऊस पडल्यासारखी तडतड झाली, हजारो मुंगळे पानावर अंग आपटून आतल्यांना वर्दी देत होते. तडतड ऐकून मी पळायला हवे होते. मी ऐकत उभी राहिले.

जेवताना मामीने मे महिन्यात मोहरी वाटून लावलेले आंब्याचे सासव वाढले की मला हेच आठवते. मोहरीच्या दाण्यात तिखटपणा तयार ठेवलेला नसतो. एका कप्प्यात निरुपद्रवी द्रव्य, दुसऱ्या कप्प्यात ते फोडणारे विकर, आणि मध्ये भिंत. किड्याने चावा घेतला किंवा मामीने पाट्यावर ओले वाटले की भिंत फुटते, दोघे भेटतात आणि नाकात झणका जातो. अमेरिकेत मिझुरी विद्यापीठात २०१४ साली एक गमतीचा प्रयोग झाला. मोहरीच्याच कुळातल्या एका रोपट्याला सुरवंट पान कुरतडतानाची थरथर, म्हणजे नुसते तिचे ध्वनिमुद्रण, यंत्राने जाणवून दिले. पुढे खरा सुरवंट सोडला तेव्हा त्या रोपट्याने मोहरीची ती द्रव्ये जास्त प्रमाणात तयार केली. वाऱ्याची थरथर दिली तर त्याने लक्षही दिले नाही. मुंगळ्यांची तडतड ऐकत उभ्या राहिलेल्या मुलीपेक्षा ते रोपटे शहाणे.

दोन वर्षांपूर्वी चवथीला मामाकडे गेले होते. परतताना परसातले लाजाळूचे एक रोप मुळासकट काढून दुधाच्या पिशवीत घातले आणि स्कूटरच्या पुढच्या कप्प्यात उभे केले. स्कूटर सुरू केली, पहिल्याच खड्ड्याला सगळी पाने मिटली, देठ खाली पडले, मेल्यासारखे रूप. लाजाळूच्या देठाच्या मुळाशी फुगीर गाठ असते. धक्का बसला की विजेची एक लाट धावत येते (आपल्या नसांतून धावते तिच्याच जातीची, जगदीशचंद्र बोसांनी याच झाडावर अशी कितीतरी मापने केली), गाठीच्या एका बाजूच्या पेशींतून क्षार बाहेर पडतात, त्यांच्यामागे पाणी बाहेर पडते, आणि पान खाली येते. स्नायू नाही, सांधा नाही, सारा पाण्याचा खेळ. जपानमधल्या संशोधकांनी २०२२ साली, हलू न शकणारी लाजाळू आणि नेहमीची लाजाळू नाकतोड्यांपुढे ठेवून पाहिली. हलू न शकणारी जास्त खाल्ली गेली. म्हणजे लाजणे वगैरे आपण लावलेले नाव, तिच्या बाजूने तो सरळ पवित्रा आहे.

पण मिटलेल्या पानाला ऊन मिळत नाही. जितका वेळ मिटून, तितका वेळ उपाशी. अठराव्या शतकाच्या शेवटाकडे देफोंतेन नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्याला लाजाळूच्या कुंड्या घेऊन बग्गीतून पॅरिसभर फिरायला लावले होते. दगडी रस्त्यावर बग्गी निघाली तशी पाने मिटली, आणि मग बग्गी तशीच खडखडत असताना हळूहळू उघडली. मला ही गोष्ट ठाऊक होती म्हणूनच खरे तर मी ते रोप घेतले. वाळपईहून निघाले, उसगाव गेले, फोंडा गेला. म्हार्दोळला थांबून पाहिले तर वरची तीन पाने उघडी. रस्त्याचे खड्डे संपले होते असे नव्हे. आपला रस्ता आपल्याला माहीत आहे.

म्हार्दोळला मी थांबले ते जाईसाठी. म्हाळसेच्या देवळात पावसाळ्याच्या दिवसांत जायांची पूजा होते, सगळे देऊळ जाईच्या माळांनी मढवतात, आणि एरवीही त्या रस्त्यावर बायका जाईच्या वळेसरांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या असतात. संध्याकाळ होत होती, कळ्या उमलू लागल्या होत्या. एक वळेसर केसांत घातला, एक लाजाळूशेजारी ठेवला.

या वासाची गंमत मला उशिरा कळली. १९६२ साली याच जाईच्या तेलातून रसायनशास्त्रज्ञांनी एक रेणू वेगळा काढला, मेथिल जास्मोनेट. अत्तरवाल्यांना तो हवा होता. पुढे अमेरिकेत क्लॅरेन्स रायन यांच्या प्रयोगशाळेत वेगळाच धागा उलगडत होता. टोमॅटोचे एक पान किड्यांनी खाल्ले की दूरच्या, न खाल्लेल्या पानांतही किड्याचे पचन बिघडवणारे प्रथिन तयार होते, हे त्यांना १९७२ मध्ये दिसले होते. निरोप कोण नेतो, याचा शोध चालू होता. १९९० मध्ये त्यांनी टोमॅटोची रोपे आणि सेजब्रश नावाच्या रानझुडपाच्या फांद्या एकाच बंद पेटीत ठेवल्या. स्पर्श नाही, फक्त हवा एक. टोमॅटोने हत्यारे बाहेर काढली. त्या झुडपाच्या पानांतून हवेत मिसळत होते तेच, जाईतले मेथिल जास्मोनेट. वनस्पतींच्या दुनियेत 'कुणीतरी चावतोय' या हाकेसाठी जी द्रव्ये वापरली जातात त्यांच्या कुळाचे नावच जाईवरून पडले आहे. आणि ही हाक पोचली की झाड वाढ आवरते घेते. नवी पालवी नंतर, आधी गड राखू.

जाईचे फूल तोच रेणू पाहुण्यांना बोलवायच्या सुगंधात मिसळते. एकाच घंटेने देवळात आरतीही सांगायची आणि आग लागल्याचेही, तसा प्रकार. त्या संध्याकाळी बाणस्तारीच्या पुलावरून येताना माझ्या केसांतून तो दरवळ पाठीमागच्या मोटारसायकलवाल्यापर्यंत जात असेल, आणि त्याला तो निव्वळ छान वाटला असेल.

आता मामाचे सांगते, जे मी इतका वेळ पुढे ढकलत होते.

कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली माकडे पटापट मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने फणफणली. तो माकडताप. विषाणू गोचिडीतून येतो. २०१५ मध्ये तो सत्तरीत पाली गावात आला आणि तेव्हापासून आमच्याकडचा काजूचा हंगाम पहिल्यासारखा राहिला नाही. कारण हंगाम तोच. डिसेंबर ते मे या महिन्यांत गोचिडीची बारकी पिल्ले सुक्या पाचोळ्यात पसरलेली असतात, आणि काजू पाचोळ्यातूनच वेचायचा असतो. बोंडू, म्हणजे काजूचे फळ, पिकून खाली पडल्यावरच त्याचा रस हुर्राक आणि फेणी या दारूंना चांगला, त्यामुळे वाकून, पाने सारून, एकेक उचलायचा. गोचीड चावली ते कळतही नाही. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारी द्रव्ये असतात आणि आपल्या कातडीतल्या पहारेकऱ्यांना गुंगवणारीही. काजूच्या तेलाच्या नुसत्या थेंबाने तीन दिवसांत पेटून उठणारी कातडी इथे मुकाट.

पालीनंतरच्या एका मार्चमध्ये मामाला ताप आला. मी पोचले तेव्हा तो खाटेवर दोन चादरींखाली कुडकुडत होता, बाहेर ऊन रणरणत असताना. ही कुडकुड मला तेव्हा फार केविलवाणी वाटली. तापात शरीर स्वतःच काटा वर सरकवते. मेंदूच्या तळाशी जिथे उष्णतेचा कारभार चालतो तिथे निरोप जातो की आता सदतीस पुरे नाही, एकोणचाळीस हवे. मग सदतीसचे अंग थंड वाटते, स्नायू थरथरून उष्णता तयार करतात. हा बिघाड नाही, हे ठरवून केलेले काम आहे, हे पटवणारा एक जुना प्रयोग सरड्यांवरचा आहे. सरड्याला अंगातून उष्णता काढता येत नाही. आजारी पडला की तो उन्हाच्या जागी जाऊन बसतो. मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये वाळवंटी सरड्यांना जंतुसंसर्ग करून वेगवेगळ्या तापमानाला ठेवले. थंड जागेतले बहुतेक मेले, चाळीस-बेचाळीस अंशांतले बहुतेक जगले. पण याचीही किंमत असते. तापाच्या दर अंशामागे शरीराचे इंधन दहा-बारा टक्क्यांनी जास्त जळते. साठीच्या माणसाला ते किती दिवस परवडेल? मामाला डॉक्टरांनी औषधे दिली, रक्त तपासायला पाठवले, आणि ते बरोबरच केले. सरड्यांचा प्रयोग मी खाटेशेजारी बसून कुणाला ऐकवला नाही.

तपासणीत माकडतापच निघाला. मामा अकरा-बारा दिवसांनी उठला. अंग अर्धे झालेले, बोलणे तेवढेच खणखणीत.

त्यानंतर मामा भाटात जाताना पायाला किडे दूर ठेवायचे तेल चोळतो, पँट मोज्यांत खोचतो, घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात. हे सगळे योग्य. पण त्या चवथीला, भर पावसात, माकडतापाचा हंगाम कोसो दूर असताना, रात्री जेवण झाल्यावर तो पडवीत बसला आणि टॉर्च लावून पायाच्या बोटांच्या बेचक्या पाहू लागला. एकेक बोट बाजूला करून. मग गुडघ्यामागची लवण, मग मामीला बोलावून मानेमागचे केस. मामीने काही न बोलता पाहिले, "ना" म्हणाली, आणि तो झोपायला गेला. "रोज?" मी विचारले. मामी भांडी आवरत होती. "रोज," ती म्हणाली. "उजवाड आसल्यारूय टॉर्च जाय." उजेड असला तरी टॉर्च हवाच.

ते लाजाळूचे रोप पणजीत बाल्कनीत लागले. वरच्या मजल्यावरच्यांचे ओले कपडे दिवसभर तिच्यावर ठिबकतात. पहिले काही दिवस थेंब पडला की मिटायची. आता थेंब पानावर पडतो, पान हलते, उघडेच राहते. बोट लावले तर अजूनही तत्काळ मिटते. मी मामाला हे फोनवर सांगितले. तो हसला आणि म्हणाला, झाड तें, ताका कितें.

या मार्चमध्ये पुन्हा गेले. मामीने पिशवी पुढ्यात ओतली, हिरव्यागार ओल्या बियांचा ढीग. माझ्यासाठी तिने रबरी हातमोजे आणून ठेवले होते, पाकिटावरची किंमत अजून चिकटलेली. तिने पहिली बी आदोळीवर धरली, कच्च असा आवाज झाला, तेलाचा तो कडवट वास आला. पडवीतून मामा ओरडून विचारत होता की यंदा बी भरली आहे की पोचट. मी पाट ओढून बसले होते, हातमोजे मांडीवर होते, आणि माझे दोन्ही हात केव्हाच पाठीमागे गेले होते.